उसवायला घाबरणारी दुरुमागी

खूप जुनी गोष्ट आहे. कोरियातल्या एका डोंगरगावात एका आजोबांसाठी घरच्यांनी नवी पांढरीशुभ्र दुरुमागी शिवली, म्हणजे सगळ्या कपड्यांवरून घालायचा कापूस भरलेला घोळदार अंगरखा. तो घातल्याशिवाय नववर्षाला पूर्वजांपुढे वाकायचं नाही, अशी तिथली रीत. त्या मानासाठीच तर ती जन्मली होती.

पण रीत आणखीही एक होती. धुताना असा कपडा आधी सगळा उसवायचा, तुकडे धुऊन दगडावर बडवायचे आणि पुन्हा शिवायचे. आजोबांच्या जुन्या दुरुमागीला उसवताना नवीने पाहिलं आणि तिला कापरंच भरलं.

जुनी शिवून परत आली तेव्हा नवीने विचारलं, "अगं, सगळी सुटलीस, मग तू तीच कशी?"

"कोण जाणे बाई! वीसदा उसवलेय. आजोबांच्या अंगाला मात्र दर वेळी नीट बसते."

नवीला चैन पडेना. तिने आपल्या दोऱ्याला विनवलं, "दादा, काही झालं तरी सुटू नकोस हं!"

नववर्ष जवळ आलं, तोवर नवीही वापरून मळली होती. सून बोक्सुनने उसवायला तिचा टाका ओढला, पुन्हा ओढला. "सासूबाई, हिचा दोरा सुटतच नाही!"

"ओढू नको, फाटेल. तशीच धू."

तशीच धुतली. आतला कापूस गोळा झाला. आजोबांनी घालून पाहिली. "अरेच्चा, मला कुबड आलं की!" म्हणत त्यांनी जुनी चढवली.

सगळे पूर्वजांपुढे वाकले. नवी खुंटीवर नुसती चुळबुळत राहिली.

दुसऱ्या दिवशी बोक्सुन धुणं गोळा करत आली, तेव्हा नवी आपणहून खुंटीवरून घसरली आणि त्या ढिगावर पडली. थरथरत होतीच, पण या वेळी दोऱ्याला 'सुटू नकोस' म्हणाली नाही.