ऋतंभरेचा गांधार

पूर्वी कृतयुगात, देवदारूंनी वेढलेल्या मंदाकिनीच्या तीरावर सुश्रवण नावाच्या महातपस्वी मुनीचा आश्रम होता. वीणेच्या तारेचे पाच समान भाग करून एक सोडावा आणि उरलेल्या चारांतून गांधार उमटवावा, ही त्याची नित्य उपासना. आणि तो गांधार षड्जाशी असा एकरूप होई की पैलतीरावरच्या कंपासुर नावाच्या असुराला आश्रमाची वेस ओलांडता येत नसे. कारण जिथे दोन स्वर एकमेकांना घासतील तिथेच त्याचा प्रवेश, असा ब्रह्मदेवाचा वर होता. वरात अशी खोच ठेवण्याची ब्रह्मदेवाला सवयच आहे.

एके दिवशी मुनीची एकुलती कन्या ऋतंभरा पाण्याला गेली ती परतलीच नाही. पैलतीरावरच्या गुहेतून असुर गर्जला, "मुने, प्रत्येक गांधाराला नवा षड्ज मानून त्यावर पुन्हा गांधार, अशा तीन पायऱ्यांनी वरचा षड्ज गाठ. तो मेळ तुझ्या वीणेत असेतोवर कन्या तुझी. तुटला की माझी."

मुनीने तीन तारा जुळवल्या. वरचा षड्ज तिळभर दूरच राहिला. पुन्हा मोजले, पुन्हा तेवढेच अंतर. तोच गुहेतून मुलीची किंकाळी आली. तपाने इंद्रिये जिंकता येतात, बापाचे काळीज नाही. त्याने तिन्ही खुंट्या किंचित पिळल्या. षड्ज मिळाला, आणि ऋतंभरा धावत दारी आली.

परंतु तिच्यामागून आणखी काहीतरी आत शिरले. चढवलेला गांधार षड्जाशी घासून थरथरू लागला. होमाच्या ज्वाळा कापू लागल्या, शिष्यांच्या ओठांवर मंत्र अडखळले, गाभण हरिणी रानात पळाल्या. असुर त्या गांधारातच बसून हसत होता.

ऋतंभरा भयाने पांढरीफटक पडली होती. ती म्हणाली, "तात, गांधार उतरवा."

"उतरवला तर तू जाशील, बाळे."

"ठाऊक आहे. पण हा इथे राहिला तर कुणाचाच मंत्र शुद्ध राहणार नाही. मला फार भीती वाटते, तात, म्हणून लवकर करा."

मुनीचा हात उठेना. शेवटी तिनेच खुंट्या सैल केल्या. गांधार शुद्ध झाला, तीन पायऱ्या पुन्हा तोकड्या पडल्या, आणि असुर त्या तिळभर फटीत खेचला गेला. जाताना त्याने धरलेले तिचे मनगट सोडले नाही; तीही त्या फटीत ओढली गेली.

तेव्हा मुनीने हाती जल घेऊन शापवाणी उच्चारली, "असुरा, कल्पान्तापर्यंत तू याच फटीत कोंडून राहशील, आणि माझ्या कन्येचा स्वर तुला कोंडता येणार नाही."

तेव्हापासून शुद्ध गांधार राखून ती फट कोणाही गुणिजनाला बुजवता आलेली नाही. आणि षड्जाची तार नीट जुळली, की कोणी न छेडलेला गांधार तिच्यातून आपोआप ऐकू येतो. सुश्रवण तो रोज ऐकत असे. लेक अजून आहे, एवढे त्याला त्यातून कळे. तिची भीती गेली की नाही, ते कधीच कळले नाही.