गप्प ओटा

देवखारच्या धक्क्यावर उतरलं की उजव्या हाताला एक पडका गोठा दिसतो. छप्पर कधीच उडालं. भिंत उरलीय आणि भिंतीला खेटून शिंदीचं झाड. शिंदी म्हणजे खजुरीची गरीब बहीण. त्याच्याखाली तो गप्प ओटा. बाळंतीण पोर घेऊन पहिल्यांदा बाहेर पडली की आधी तिथे टेकते, मग ती किरिस्तावांची असो की मोहल्ल्यातली. तिथे तिला कुणी काही विचारायचं नाही. तुम्ही बसा की, पण ओट्यावर नको हं दादा, तुम्हाला कुठे पोर झालंय.

फार मागं गावात दोन सुइणी होत्या म्हणे. किरिस्तावांची कातरीन आणि मुसलमानांची सफूरा. दोघींचं कधी पटलं नाही. कातरीन दर नाताळात चर्चमध्ये गोठा मांडायची, गव्हाणीत स्वतःच्या हातानं पेंढा अंथरायची. सफूरा अडलेल्या बाईच्या उशाशी बसून कुराणातली मरियमची सूरत म्हणायची, तोंडपाठ. येशूची आई आपली, दुसरीनं ती उसनी नेलीय, असं दोघींनाही मनापासून वाटायचं.

एकदा भरतीबरोबर एक होडी आली. होडीत एकटीच पोर, दिवस भरलेली. कुठली, कोणाची, काही बोलेना. कपड्यावरून जात कळेना, गळ्यात ना क्रूस ना ताईत. खोत धक्क्यावर आला आणि म्हणाला, "ओहोटी लागायच्या आत पोराच्या बापाचं नाव सांगितलं तर राहील. नाहीतर आली त्याच होडीत बसवा."

तेवढ्यात पोरीला कळा सुरू झाल्या. दोघी सुइणी धावल्या आणि एकेक दंड धरून उभ्या राहिल्या.

"गोठ्यात चल गो," कातरीन म्हणाली. "मारीयेचा बाळ गोठ्यातच झाला."

"झाडाखाली झाला," सफूरा म्हणाली. "कळा आल्या तशी मरियम खजुरीच्या खोडाशी गेली. म्हणाली, याआधीच मेले असते तर बरं. तेव्हा खालून आवाज आला, दुःख करू नको. पायाशी झरा दिला, वरून खजूर पडला. कुराणात आहे."

"बायबलात गोठा आहे! दरसाल मांडते मी!"

"मांडतेस म्हणून काय तू तिथे होतीस?"

"बरं, मग तुमच्यात तिचा नवरा जोजेफ कुठे उभा होता?"

"आमच्यात तो नाहीच. एकटी होती ती."

इतकी वर्षं कातरीन गोठा मांडताना जोजेफाच्या हातात कंदील द्यायची, मारीयेच्या बाजूला उभा करायची. पहिलटकरीण आणि जवळ कुणी नाही, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिनं पोरीकडे पाहिलं. हिच्याजवळ तरी कोण होतं?

"आज तुझं घेऊ," ती पुटपुटली. "पण वारा आहे, भिंत माझी."

म्हणून पोर झाडाखाली झालं आणि भिंतीच्या आडोशाला झालं. मुलगा. कातरीननं त्याला गोठ्यातल्या गव्हाणीत ठेवलं, सफूरानं आईच्या तोंडात खजूर घातला.

ओहोटीची वेळ होत आली तसा खोत माणसं घेऊन आला. बरोबर पाद्री होता, मौलवीही होते. "नाव सांग," खोत म्हणाला. पोर गप्प.

सफूरा मध्ये पडली. "मरियमला हुकूम होता, कुणी माणूस दिसला तर सांग, मी आज रोजा धरलाय, कुणाशी बोलणार नाही. लोकांनी घेरलं तेव्हा तिनं नुसतं बाळाकडे बोट केलं. विचारा मौलवींना."

मौलवींनी मान डोलावली.

"हे यांच्यात झालं," खोत कातरीनकडे वळला. "तुमच्यात काय आहे?" तिनं आता नुसतं 'आमच्यात असलं काही नाही' म्हटलं असतं, तरी पोर होडीत गेली असती. जन्मभराचं भांडण जिंकायची वेळ होती. कातरीन पेंढा नीट करत राहिली, मग म्हणाली, "आमच्यातही मेंढपाळ आले, बडबडून गेले. मारीयेनं सगळं मनात ठेवलं. खरं ना पाद्रीबाबा?"

"लिहिलंय तसंच," पाद्री म्हणाला.

"मग बघा खोत. झाड का गोठा, ते आम्ही भांडू, अजून आयुष्य आहे. पण दोन्ही पुस्तकांत ओल्या बाळंतिणीनं कुणाला जबाब दिलेला नाही. तुम्हाला तिसरं पुस्तक सापडलं असेल तर आणा."

माणसं हसली. खोताला हसता येईना, रागावताही येईना. पोरीनं हळूच हात उचलला आणि गव्हाणीकडे बोट केलं. तोवर पाणी उतरलं आणि होडी चिखलात कलली.

पोर गावातच राहिली. कोणाची ते तिनं कधी सांगितलं नाही. असं सांगतात की सुइणी तिच्या ओसरीवर बसून झाडागोठ्यावरून भांडायच्या आणि ती दोघींना चहा द्यायची.

आजही ओट्यावरच्या बाईला कुणी प्रश्न केला, तर त्यानं खाडीपलीकडच्या विहिरीवरून घागर भरून आणून तिच्या पायाशी ठेवायची. परवा एक मोठे साहेब आले, कौतुकानं बाळंतिणीला विचारून बसले, "मिस्टर काय करतात?" तिनं बाळाकडे बोट केलं. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि घागर उचलली.