गुरुवारचं मौन

"गवतात विहीर आहे, हे माझ्या दादाला कोणीच कसं सांगितलं नाही?"

सगुणनं हा प्रश्न पोलीसपाटलाला विचारला होता. पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला विचारला होता. विहिरीत दोर सोडणाऱ्यांना विचारला होता. आईला तर रोज विचारत होता. कोणी मान खाली घातली, कोणी पाठीवरून हात फिरवला.

म्हणून आज तो कोयता घेऊन मठात आला. फाटकाशी गवतात दडलेल्या पायरीला ठेचकाळला, तसाच लंगडत आत शिरला आणि अंगणातूनच तोच प्रश्न ओरडून विचारला.

ओसरीवर निळकंठबुवा बसले होते. त्यांनी ऐकलं. बोलले नाहीत.

आतून त्यांचा शिष्य वासुदेव लगबगीनं बाहेर आला.

"अरे, हळू! आज गुरुवार. बुवांचं मौन असतं. अकरा वर्षांत एकदाही मोडलेलं नाही."

"मी मौन ऐकायला नाही आलो."

"तुझं दुःख कळतं मला. पण बाबा रे, देह कोणाचा? ज्याचं त्याचं प्रारब्ध..."

"देह माझ्या भावाचा. कमरेला दोर बांधून मी उतरलो होतो खाली. तुम्ही नाही."

वासुदेव दोन पावलं मागे सरला.

पाच आठवडे झाले होते. उत्सवाआधी मठाचं आवार साफ करायला वासुदेवानंच सगुणच्या दादाला, लवूला बोलावलं होतं. गवत कापायचं मशीन खांद्याला लावून लवू गावोगावची आवारं साफ करायचा. सगुणला चौथीनंतर शाळेत बसवेना, तेव्हा त्यालाही त्यानंच हाताशी घेतलं. गवतात शिरण्याआधी काठी आपट, जनावर असेल तर त्याला निघून जायला वेळ दे, हे शिकवलं. त्या गुरुवारी मात्र सगुण रुसून घरी बसला होता. कशावरून, ते आता आठवतही नव्हतं.

आवाराचं अर्धं गवत लवूनं कापलं होतं. अर्धं तसंच कमरेएवढं उभं होतं. विहीर त्याच अर्ध्यात होती, जांभळीच्या झाडाच्या अलीकडे. कठडा कधीच ढासळलेला, तोंडावर वेल पसरलेले.

"अजून एक खुंटी ठोकली नाही तुम्ही तिथे," सगुण म्हणाला. "आणखी कोणी जायला पाहिजे का?"

"माणूस मिळत नाही रे. चार जणांना विचारलं. मठाचं नाव काढलं की कोणी काम घेत नाही."

"का घेतील?"

"मला खरंच माहीत नव्हती ती विहीर. दोन वर्षं झाली मला इथे येऊन. 'हे सगळं कापायचं' म्हणून हातानं दाखवलं आणि बाजारात गेलो. शपथ घेतो."

"मग माहीत होती कोणाला?"

"मला," बुवा म्हणाले.

वासुदेव दचकून वळला. "बुवा! आज गुरुवार..."

"माहीत आहे."

बुवांचा आवाज खरखरीत होता.

"मी इथेच बसलो होतो. तो जांभळीकडे निघाला. पाच पावलं राहिली होती..."

"मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसतं, बुवा," वासुदेव घाईनं म्हणाला. "हाक मारूनही उपयोग नव्हता."

"मशीन बंद होतं. डबा खायला निघाला होता तो."

सगुणच्या डोळ्यांपुढे डबा आला. दोर धरून तो खाली उतरला तेव्हा आधी डबाच दिसला होता. पाण्यावर तरंगत होता. झाकण आईनं फडक्यानं बांधून दिलेलं, ते तसंच.

"मग हाक का नाही मारली?"

"गुरुवार होता..."

सगुणनं कोयता घट्ट धरला.

"वासुदेवा," बुवा म्हणाले, "याच्यासाठी पाणी आण."

वासुदेव कोयत्याकडे बघत बघत आत गेला. बुवा भिंतीला धरून उठले. ओसरी उतरले. सगुणच्या अगदी जवळून, त्याच्याकडे न बघता, उभ्या गवतात शिरले.

सगुण बघत राहिला. म्हातारा सरळ जांभळीकडे चालला होता. नजर समोर. गवत बाजूला सारत, सावकाश.

दहा पावलं राहिली.

जाऊ दे, सगुणला वाटलं. कळू दे.

सात.

आत वासुदेवाच्या तांब्याचा आवाज झाला.

पाच...

"बुवा, थांबा! विहीर आहे!"

कोयता हातातून कधी पडला, त्याला कळलं नाही. धावत जाऊन त्यानं बुवांचा दंड धरला आणि त्यांना मागे ओढलं. दोघंही गवतात बसले. सगुण लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. पाच आठवड्यांत तो पहिल्यांदाच रडत होता.

बुवांनी त्याला उगी केलं नाही. बसून राहिले.

वासुदेव पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. कोणाला द्यावा ते त्याला कळेना.

बऱ्याच वेळानं सगुणनं नाक पुसलं. उठून कोयता शोधला. एक काठी घेतली. गवतावर आपटली, थोडा थांबला आणि दादानं सोडलं होतं तिथून कापायला लागला.

दुपार कलेपर्यंत कापत होता. विहिरीभोवतीचे वेल त्यानं हातानं ओढून काढले. वासुदेव न सांगता मठामागून बांबू घेऊन आला. खुंटी धरताना त्याचं बोट चेचलं, तरी हूं की चूं केलं नाही. दोघांनी मिळून विहिरीभोवती खुंट्या ठोकल्या, आडवे बांबू बांधले. शेवटी सगुणनं स्वतःच्या डोक्याचा लाल रुमाल सोडला आणि लांबून दिसेल असा सगळ्यात उंच खुंटीला बांधला. मग फाटकापर्यंतची वाट साफ केली. सकाळी ठेचकाळला होता ती पायरीही खरवडून मोकळी केली.

"मठाचं काम केलंस. जेवून जा," वासुदेव म्हणाला.

"नको. परत बोलावू नका मला."

वासुदेव बुवांकडे वळला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बुवा... पुढच्या गुरुवारी?"

बुवांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ते सगुणची पाठ बघत होते. कोयता बगलेत धरून तो थकून फाटकाकडे चालला होता.

"सगुणा," बुवांनी ओसरीवरून मोठ्यानं हाक मारली, "पुढे पायरी आहे. जपून."