बाबल तांडेल आणि सोमवारची सुई

ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, असं कुंदाकाकूनं मला बजावलं आहे. पण ती आत्ता बाजारात गेली आहे, म्हणून सांगते.

खाडीच्या तोंडाशी एक गाव आहे. त्या गावात बाबल तांडेल नावाचा एक भोळा होता. हाच कुंदाकाकूचा नवरा. भोळा होता, पण वल्हं मारायला त्याच्यासारखा दुसरा नव्हता. अडचण एकच. वजन एकशे बारा किलो. तो बसला की होडी काठापर्यंत पाण्यात जायची. त्यामुळे त्याला शर्यतीत कोणी बसवत नसे, आणि नारळी पौर्णिमेची शर्यत सात वर्षं पलीकडचं आडबंदर जिंकत होतं.

शिमगा झाला तसे मंडळाचे गणूतात्या म्हणाले, "बाबल, पौर्णिमेला शंभराच्या आत आलास तर होडी तुझी. नाहीतर यंदाही माझा भाचा बसेल. मग निकाल काय लागतो, ते तुला ठाऊकच आहे."

बाबलच्या रक्तात साखरही वाढली होती. कुंदाकाकू त्याला तालुक्याला डॉक्टर मिराशीबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तपासण्या केल्या, सगळं विचारून घेतलं आणि आठवड्यातून एकदा टोचायच्या औषधाचं पेन दिलं.

"यानं चरबी वितळते का हो?" बाबलनं विचारलं.

"नाही. आपण जेवलो की आतडी मेंदूला निरोप धाडतात, पुरे झालं म्हणून. हे औषध तसाच निरोप देतं. पोटही सावकाश रिकामं होतं. म्हणून भूक कमी लागते."

"आणि मेंदू उलट काय निरोप देतो?"

बाईंनी पेन कुंदाकाकूच्या हातात दिलं. "दर सोमवारी तुम्हीच टोचा. आणि फ्रिजमध्ये ठेवा. उन्हात राहिलं तर वाया जाईल."

बाबलनं हे पक्कं लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी यमुनाआत्या त्याला म्हणाली, "जरा माझ्या बोंबलांवर लक्ष ठेव. मी आलेच." बाबलनं पाहिलं तर सगळे बोंबील काठ्यांवर टांगलेले, भर उन्हात! त्यानं एकूण एक बोंबील उतरवले आणि दामूच्या कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये भरले. दामू जेवायला गेला होता. पुढे आठ दिवस गावात लिंबूसोडा मागितला की बोंबलाच्या वासाचा मिळायचा.

"मेल्या, काय केलंस हे?" आत्या ओरडली.

"वाचवले, आत्या," बाबल म्हणाला.

महिन्यानं तो परत डॉक्टरांकडे गेला. वजन तीन किलो उतरलं होतं. बाबलला घाई झाली.

"बाई, चार पेनं एकदम टोचली तर?"

"अजिबात नाही! उलट्यांनी बेजार व्हाल. आधी थोडं द्यायचं, शरीराला सवय होऊ द्यायची. मग तपासून मी वाढवीन."

हेही बाबलनं लक्षात ठेवलं.

त्याच आठवड्यात त्याच्या मेव्हण्याच्या खोपटाला आग लागली. आत जाळी होती. सगळ्यांत जवळ बाबल, हातात पाण्यानं भरलेली बादली. त्यानं शांतपणे घरातून एक वाटी आणली, वाटीभर पाणी घेतलं आणि आगीवर शिंपडलं.

"दाजी, बादली ओता! बादली!" मेव्हणा ओरडला.

"पहिल्या महिन्यात एवढंच," बाबल म्हणाला. "सवय होऊ दे तिला."

खोपट जळलं. मेव्हण्यानं कपाळावर हात मारला. "अहो, बादली हातात असली की विचार करत बसायचं नाही! समोर दिसेल तिथे सगळी रिकामी करायची!"

बाबलनं मान डोलावली.

मे महिन्यात गणूतात्यांच्या मुलीचं लग्न होतं. बाबलच्या हातात सोलकढीची बादली आली. पहिल्या पानावर नवऱ्या मुलाचे वडील बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी. त्यांनी वाटी पुढे केली. बाबलनं विचार केला नाही.

व्याही गुलाबी झाले. टोपीतूनसुद्धा सोलकढी ठिबकत होती.

"आणखी वाढू?" बाबलनं विचारलं.

मांडव कसाबसा शांत झाला. तरी सोमवारची सुई चालूच होती. डॉक्टर दर महिन्याला तपासत होत्या, बाबल रोज वल्हं मारत होता आणि वजन उतरत होतं. आषाढात काटा एकशे एकवर आला आणि तिथेच अडून बसला.

"बाई, आमचे हे, पोट भरलं तरी पान चाटूनपुसून संपवतात," कुंदाकाकूनं चहाडी केली.

"ताटात टाकू नये, असं आई सांगायची," बाबल म्हणाला.

"आई बरोबरच सांगायची. कुंदाताई, तुम्ही आधीच कमी वाढा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि बाबलराव, पुरेसं झालं असं वाटलं की तिथेच थांबा. शेवटपर्यंत जायचा हट्ट सोडा."

"दोनच घास उरले असले तरी?"

"दोनच घास उरले असले तरी."

पौर्णिमेला गणूतात्यांनी स्वतः काटा आणला. अठ्ठ्याण्णव! बाबल होडीत बसला आणि होडीचा काठ चांगला वीतभर पाण्यावर राहिला. ढोल वाजले. सोन्याचा नारळ समुद्राला दिला आणि शर्यत सुटली.

बाबल असा सुटला की आडबंदरची होडी पार मागे राहिली. पंधरा हात, वीस हात, तीस हात! धक्क्यावर सगळं गाव नाचत होतं. गणूतात्यांनी तर रडायलाच सुरुवात केली. शेवटची दोरी समोर होती. दोन वल्ही मारली की झालं.

बाबलनं मागे वळून पाहिलं. मग समाधानानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"बाबल्या, मार! मार ना रे!"

"पुरेसं झालं!" बाबलनं हात हलवून सांगितलं. "दोनच उरलीत. उरू देत!"

आडबंदरची होडी शेजारून गेली आणि दोरी तोडून पुढे निघाली. कुंदाकाकूनं पदर खोचला, पाण्यात उडी मारली, पोहत होडी गाठली, बाबलच्या मांडीवरचं वल्हं उचललं आणि बाबलच्या

आले गं, आई! दोनच शब्द उरलेत, ते उरू देत!