दोन-दोन पायऱ्या

स्टिअरिंग वळवताच नवा मोठा टायर मडगार्डला खर्रकन घासला आणि मृदुला दचकली. तिच्या अण्णांची चार लाख किलोमीटर पळालेली डिझेल पिकअप रोज दुधाचे कॅन घेऊन घाट चढायची. ती मध्येच दमली, तर दूध नासलंच.

एवढ्या मोठ्या चाकाने घाटात जुन्या इंजिनावर ताण येईल, असं ती म्हणताच टायरवाले दाजीकाका गुरगुरले, "कॉलेजात टायर शिकवतात का गं? मोठं चाक एका फेऱ्यात जास्त पल्ला मारतं!"

मृदुला चाचरत म्हणाली, "मग काका, दुकानाच्या माळ्यावरचा जुन्या मापाचा टायर दाखवता? फक्त दोन-दोन पायऱ्या घेत चढा."

साठी उलटलेले काका तावातावाने निघाले आणि चौथ्या पावलाला कठडा धरून थांबले.

"काका, पल्ला जास्त पडतोय ना?"

काका कठड्यावर ओणवे झाले.

"काका, बरे आहात ना हो?" ती घाबरून ओरडली.

वरून धापा टाकत आवाज आला, "बरा आहे गं बाये... म्हाताऱ्या इंजिनाला जुनंच माप बरं!"