बाणाची खाच आणि साळूबाईचा दोर

करवंदवाडी नावाच्या एका डोंगराळ गावात तुळाजी नावाचा एक बाण करणारा राहत होता. त्याचे बाण सरळ, हलके आणि देखणे असत. त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला साळूबाई राहायची. ती अंबाडीच्या वाखाचे दोर वळून धनुष्याला लावायची. बाण तुळाजीचा आणि दोर साळूबाईचा, अशी गावाची जुनी रीत होती.

पूर्वी तुळाजी दरवर्षी साळूबाईकडून दोराचा नवा तुकडा आणायचा आणि त्याच्या मापाने बाणाच्या मागच्या टोकाला दोर बसायची खाच पाडायचा. पण चार वर्षांपूर्वी जत्रेत पाटलांनी तुळाजीच्या डोक्यावर पागोटं ठेवलं आणि म्हणाले, "बाण असावा तर असा!" तेव्हा गर्दीतून साळूबाई मोठ्यांदा म्हणाली, "आणि दोर नसता तर हा बाण काय दातांनी फेकला असता?" सगळी जत्रा हसली. तुळाजी मात्र हसला नाही. त्या दिवसापासून त्याने तिच्याशी बोलणं सोडलं.

आता तो खाच पाडायचा ती घरात पडलेल्या जुन्या तुकड्याच्या मापाने.

दरवर्षी जत्रेत करवंदवाडीचे आणि पलीकडच्या गावाचे तिरंदाज समोरासमोर उभे राहत. जे गाव जिंके, त्याच्या गुरांना वर्षभर डोंगरावरच्या कुरणात चरायला मिळे. मागच्या वर्षी करवंदवाडी हरली होती. गुरांच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. यंदा हरून चालणार नव्हतं.

जत्रेला दहा दिवस उरले तेव्हा गावचा पहिला तिरंदाज नागोजी लंगडत तुळाजीकडे आला.

"काका, तुमचा बाण दोरावर टिकत नाही. ओढायच्या आधीच पडतो. काल माझ्याच पायाच्या अंगठ्याची शिकार झाली."

"माझ्या बाणात खोट नाही," तुळाजी म्हणाला. "दोर बारीक असेल. जा, तिला सांग."

नागोजी लंगडत साळूबाईकडे गेला.

"माझा दोर आहे तसाच आहे," ती म्हणाली. "खाच रुंद पाडली असेल. जा, त्याला सांग."

"मी तिरंदाज आहे की निरोप्या?" असं पुटपुटत नागोजी घरी गेला.

पण दोघांच्याही मनाला ते लागलं होतं. तुळाजीने आठ दिवस खपून पन्नास नवे बाण केले आणि अंदाजानेच खाचा अरुंद पाडल्या. साळूबाईला तो कळवायला गेला नाही. तिकडे साळूबाईने प्रत्येक दोरावर, जिथे बाण बसतो तिथे, मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे घालून तो जाड केला. तीही तुळाजीला कळवायला आली नाही.

जत्रेला दोन दिवस उरले. नागोजी पुन्हा आला. या वेळी त्याच्या हातात उभा चिरलेला बाण होता.

"काका, आधी बाण पडत होता. आता दोर खाचेत शिरतच नाही. दगडाने ठोकून बसवला, तर हे असं झालं. परवा आम्ही काय रिकाम्या हातांनी उभं राहायचं?"

तुळाजीने तो बाण हातात घेऊन पाहिला. मग मापाचा जुना तुकडा उचलून उजेडात धरला. चार वर्षं खाचांत घालून घालून त्याचा वाख उसवला होता आणि तो फुगून मूळच्या दीडपट जाड झाला होता. त्याच मापाने त्याने आधीच्या बाणांच्या सगळ्या खाचा रुंद पाडल्या होत्या! दोर बारीक नव्हता. त्याचं मापच बिघडलं होतं.

गप्प बसलो तर कुणाला कळणार नाही, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण मग त्याला गोठ्यातली गाय आठवली. त्याने पन्नास बाणांचा भारा खांद्यावर घेतला, तुकडा मुठीत धरला आणि भर दुपारी सगळ्या गावादेखत साळूबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वाट चुकलात का, तुळाजीदादा?" साळूबाईने विचारलं.

"चार वर्षं चुकलो होतो," तुळाजी म्हणाला आणि त्याने मूठ उघडली. "हे बघ माझं माप."

साळूबाईने तुकडा पाहिला आणि ती खो खो हसू लागली. "हा माझा दोर? हे तर मांजराचं शेपूट झालंय!" मग ती हळूच म्हणाली, "मी तरी कुठे शहाणी? न विचारता वेढे चढवले. तुमच्या दारी यायचं तर उंबरा फार उंच वाटला."

दोघं ओसरीवर बसले. साळूबाईने चढवलेले वेढे सोडले. तरीही खाचा जरा घट्टच होत्या. मग तिच्याच दोराचा तुकडा बारीक वाळूत घोळवून तुळाजीने एकेक खाच आतून घासली. प्रत्येक बाण दोराला लटकवून पाहिला. सोडला तर लटकत राहिला पाहिजे, आणि दोराला टिचकी मारली तर पटकन सुटला पाहिजे. पन्नासावा बाण टिचकीसरशी सुटला, तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार कलली होती.

जत्रेत शेवटचा बाण नागोजीचा होता. तोवर दोन्ही गावं बरोबरीत होती. नागोजीने बाण दोरावर चढवला, हात सोडून कपाळाचा घाम पुसला. बाण लटकत राहिला. मग त्याने दोर कानापर्यंत ओढला आणि सोडला. बाण थेट खुणेच्या मधोमध जाऊन थरथरत उभा राहिला. करवंदवाडीकरांनी एवढा ओरडा केला की कुरणातले ससे पळाले.

पाटील नवं पागोटं घेऊन पुढे आले. तुळाजीने ते घेतलं आणि साळूबाईसमोर धरलं.

"मी काय करू त्याचं?" साळूबाई म्हणाली. "पिळलं तर दोर मात्र चांगला निघेल!"

या वेळी सगळ्यांत मोठ्याने तुळाजीच हसला. त्याच संध्याकाळी तो तिच्याकडून दोराचा नवा तुकडा घेऊन घरी गेला.

तात्पर्य: आपलं काम ज्याच्या कामाशी जोडलेलं असतं, त्याच्याशी अबोला धरू नये. हातात कितीही कसब असलं, तरी दुसऱ्याचं माप विचारण्यात कमीपणा मानला, तर ते कसब वाया जातं.