नारिंगी पट्टा

सकाळचे दहा वाजले होते. आर्मेनिया देशातल्या एका गावात, चौकातल्या तुतीच्या झाडाखाली सभा भरली होती. गाव जर्दाळूच्या बागांचं. ऑगस्ट सरत आला होता आणि घराघराच्या छपरावर फोडलेले जर्दाळू उन्हात वाळत पडले होते.

सभा झेंड्यासाठी होती. लाल, निळा आणि नारिंगी अशा तीन आडव्या पट्ट्यांचा हा झेंडा फार पूर्वी, देश जेमतेम दोन वर्षं स्वतंत्र होता तेव्हा फडकला होता. मग सोव्हिएत राज्य आलं आणि झेंडा उतरला. पुढची सत्तर वर्षं तो घरात ठेवला तरी तुरुंग होता. आता ते राज्य डळमळलं होतं. राजधानीतून हुकूम आला होता की तोच झेंडा पुन्हा गावोगावी लावा.

शिवणार कोण, यावर वाद नव्हता. गावातल्या नवरीमुलींचे झगे शुशान शिवायची, तेव्हा झेंडाही तिनेच शिवायचा. वाद पेटला तो तिसऱ्या रंगावरून.

"हुकमात नारिंगी म्हटलंय," गावप्रमुख बाग्रात म्हणाला. राज्य जुनं होतं तेव्हाही गावप्रमुख तोच होता.

"नारिंगं आपल्याकडे उगवतात कुठे?" मधमाश्या पाळणारा सेदराक मागून ओरडला. "नव्या वर्षाला दुकानात एक पेटी यायची, ती थेट तुमच्या घरी जायची. आम्ही नुसती सालं पाहिलीत, कॉम्रेड बाग्रात."

"कॉम्रेड म्हणू नकोस आता. साहेब म्हण."

"बरं, कॉम्रेड साहेब."

सभा हसली. बाग्रातचे कान लाल झाले.

"रंग जर्दाळूचाच हवा," बायका म्हणाल्या. "आपण राबतो जर्दाळूच्या बागेत, आणि झेंड्यावर परक्याचं फळ?"

"अहो, पहिल्यांदा तर पिवळा ठरत होता," बाग्रात म्हणाला. "लाल-निळ्याजवळ नारिंगी जास्त खुलतो, म्हणून तो घेतला. जर्दाळूचं नावही तेव्हा कुणी काढलं नव्हतं."

"ते पुस्तकातलं. इथे कुणी डोळ्यांनी पाहिलाय का तो झेंडा?" सेदराक म्हणाला.

बाग्रातला हार मानायची सवय नव्हती. तो उभा राहिला. "पुस्तक सोडा. आपल्या गावचा ओनिक घ्या. त्याच्या झेंड्यातही नारिंगीच पट्टा होता. चांगला गडद. आईच्या लग्नातल्या झग्याचं कापड, कमी पडलं म्हणून मधोमध जोड दिलेला. काय गं, शुशान जान, खरं की नाही?"

त्या मुलखात आपल्या माणसाला हाक मारताना नावापुढे जान लावतात. बाग्रात सगळ्यांनाच लावायचा.

"खरं आहे," शुशान म्हणाली.

मग वाद मिटला. नारिंगी ठरला. लोक उठून कामाला गेले. शुशान मात्र तुतीखाली बसून राहिली.

ओनिक तिचा धाकटा भाऊ. लॉरी चालवायचा. तरुणपणी त्याच्या डोक्यात आलं की शाळेच्या छपरावर जुना झेंडा लावायचा. कापड शुशानने शिवलं. शिवताना नारिंगी तुकडा अपुरा पडला आणि तिने मधे जोड दिला. झेंडा कुणालाही दाखवला नाही. गादीच्या लोकरीत घालून गादी पुन्हा शिवली. दुसऱ्याच दिवशी पहाटे शिपाई आले. त्यांनी कपाट उघडलं नाही, पेटी उघडली नाही. सरळ गादीपाशी गेले आणि शिवण उसवली. झेंडा पोत्यात गेला, ओनिक गाडीत. तो दूर उत्तरेकडच्या छावणीत वारला. गावाने तो झेंडा कधी पाहिलाच नाही.

ओनिकला एकच जवळचा मित्र होता, बाग्रात. शिपाई येण्याच्या आदल्या दिवशी तो घरी जेवून गेला होता. त्या पहाटे आपण राजधानीत होतो, असं बाग्रात स्वतःच सगळ्यांना सांगत आला होता. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

दुपारी सेदराक मधाची बरणी घेऊन तिच्या दारात आला. टेबलावर तिन्ही पट्टे कापून ठेवले होते.

"मीही ऐकलं सकाळी," तो म्हणाला. "जोडाचं."

"ऐकलंस, मग तिथे बोलला का नाहीस?"

"मधमाश्यांच्या पेट्या बागेत ठेवायची परवानगीसुद्धा त्याच्याच सहीने मिळते, ताई. आणि गोष्ट जुनी आहे."

"तुझ्यासाठी जुनी."

सेदराकने मधाची बरणी टेबलावर ठेवली. मग त्याला एक युक्ती सुचली आणि त्याचा चेहरा उजळला. "नारिंगी पट्टा कच्च्या टाक्याने शिव. रविवारी बाग्रात झेंडा चढवील, वारा येईल, पट्टा त्याच्या डोक्यावर पडेल. सगळा जिल्हा बघायला येणार आहे. जन्मभर तोंड वर काढणार नाही."

तो गेल्यावर शुशानने सुई ओवली. आणि खरंच, लांब लांब कच्चे टाके घालत गेली. एका ओढीत सुटतील असे. तिला हसू येत होतं. फडकणारं लाल-निळं कापड आणि खाली नारिंगी फडक्यात गुंडाळलेला बाग्रात तिला डोळ्यांसमोर दिसत होता.

शेवटच्या टाक्याला तिचा हात थांबला. फाटणार होता तो बाग्रातचा झेंडा नव्हता. ओनिक ज्याच्यासाठी गेला, तोच तो होता. आणि लोक हसून घरी गेले की तिचा प्रश्न कोण ऐकणार?

तिने सगळे टाके उसवले. मग बारीक, घट्ट टीप घातली, वर दुहेरी. संध्याकाळी पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. हलला नाही.

रविवारी चौक भरला. जिल्ह्याचे साहेब आले, बँडवाले आले. बाग्रातने नवा कोट घातला होता. त्याने रंगांचे अर्थ सांगितले, आणि बोलत होता छान. लाल म्हणजे आपल्या लोकांचं सांडलेलं रक्त. निळा म्हणजे आपल्या डोक्यावरचं शांत आकाश. नारिंगी म्हणजे आपले कष्ट आणि हातातलं कसब. बायकांनी डोळे पुसले.

"आणि आता हा झेंडा जिच्या हातांनी शिवला गेला, त्या आपल्या शुशान जानने दोरीला हात लावावा."

शुशान पुढे आली. दोरी तिने हातात घेतली, ओढली मात्र नाही.

"बाग्रातसाहेब, एक विचारायचंय. ओनिकचा झेंडा मी लोकरीत शिवला, तो शिपायांनी पोत्यात नेला. त्यातला जोड तुम्ही कुठे पाहिलात?"

सगळ्यांच्या माना बाग्रातकडे वळल्या. छपरांवरच्या गांधीलमाश्यांची गुणगुण ऐकू येऊ लागली.

"कुणीतरी बोललं असेल," बाग्रात म्हणाला.

"कुणी?"

"शुशान जान, आजचा दिवस आनंदाचा आहे."

"जान म्हणू नका. कुणी ते सांगा."

बाग्रातने जिल्ह्याच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. सेदराक पहिल्या रांगेत उभा होता. तो वाकून आपल्या बुटाची नाडी बांधू लागला. मग बाग्रातने हात वर केला आणि बँड वाजू लागला.

 शुशानने स्वतःच्या हाताने दोरी ओढली. झेंडा वर गेला. डोंगराकडून जोराचा वारा आला, कापड कडकडलं, पण एक टाका सुटला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाग्रातने सगळ्यात मोठ्याने वाजवल्या.

तो झेंडा पुढे देशाचा झेंडा झाला. शाळेतली मुलं त्याच्या रंगांचे अर्थ घडाघडा म्हणून दाखवतात. बाग्रात मान्यवर म्हणून वारला आणि त्याच्या अंत्ययात्रेला हाच झेंडा होता. पण ओनिकचा झेंडा त्याने कुठे पाहिला होता, हे त्याने सांगितलं नाही, ज्यांना माहीत असावं त्यांनी सांगितलं नाही, आणि शुशानशिवाय कुणी विचारलंही नाही.

तात्पर्य: झेंड्याच्या रंगांचे अर्थ कुणालाही पाठ करता येतात; त्या रंगांपायी ज्यांचा जीव गेला त्यांच्याबद्दल विचारलं, तर खरं उत्तर देणं हाच झेंड्याचा मान.